पतसंस्थेचा डेटा: क्लाउड की रेड, हे नंतर ठरवा

पत्राचा सारांश: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लिपिक असलेल्या ताईंचं हे पत्र. बी.कॉम. आणि एमएस-सीआयटी झालेलं, म्हणून सर्व्हर सांभाळायचं कामही त्यांच्याकडेच आलं. संस्थेचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसवर चालतं. रोज डे-एंड झाला की त्या 'बॅकअप' बटण दाबतात, 'बॅकअप सक्सेसफुल' असं येतं, मग फाइल पेनड्राइव्हवर घेऊन पेनड्राइव्ह काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवतात. दोन महिन्यांपूर्वी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसली, तेव्हापासून फाइल रोज साधारण १४० एमबीनं वाढते आहे. महिन्याभरापूर्वी पेनड्राइव्हमध्ये जागा असूनही 'फाइल टू लार्ज' असा संदेश आला, तेव्हापासून ती सर्व्हरच्या डी ड्राइव्हवरच राहते. मृगाच्या तोंडावर शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेचा सर्व्हर विजेनं जळाला आणि आता इथल्या संचालक मंडळात दोन तट पडलेत: काहींना क्लाउड हवं, काहींना दोन हार्डडिस्कची रेड, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणारी जोडणी. सॉफ्टवेअरवाले म्हणतात, काळजी करू नका. ताई विचारतात, यातलं काय घ्यायचं? आणि उद्या काही झालं तर सगळं आपल्यावरच येणार असेल, तर नोकरी सोडलेली बरी का?

ताई,

क्लाउड की रेड हा प्रश्न जरा बाजूला ठेवू या. दोन्ही वस्तू विकत मिळतात, म्हणून सभेत चर्चा त्यांच्यावरच होते. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र तुम्ही जाता जाता लिहून गेलात: फाइल रोज १४० एमबीनं वाढते.

पेनड्राइव्हचं कोडं सोपं आहे. ३२ जीबीपर्यंतचे पेनड्राइव्ह बहुतेक फॅट-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेले येतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. आत कितीही जागा रिकामी असो. तोच पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला की अडचण सुटते. फॉरमॅटमध्ये आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधीच्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या.

पण फाइल ४ जीबीला पोचलीच कशी? तालुक्याच्या पतसंस्थेत दिवसाची दीडशे-दोनशे व्हाउचर आणि पिग्मीच्या नोंदी धरल्या तरी रोज १४० एमबी नवा डेटा तयार होत नाही. दाट शक्यता अशी, की १४० एमबी हा तुमच्या अख्ख्या डेटाबेसचा आकार आहे आणि रोज तो पुन्हा त्याच फाइलला मागून जोडला जातोय. एसक्यूएल सर्व्हरला बॅकअपच्या आज्ञेत 'इनिट' हा शब्द दिला नाही, तर तो जुनं काही पुसत नाही. आहे त्याच फाइलच्या शेवटी नवा संच, म्हणजे त्या दिवसाचा पूर्ण बॅकअप, लावतो. ४ जीबी भागिले १४० एमबी म्हणजे साधारण २९ संच. तुमचा पेनड्राइव्ह महिन्याभरात अडला, तो हिशोब इथे जुळतो.

यात नुसती जागा वाया जात असती तर एवढं लिहिलं नसतं. अशा फाइलवरून रिस्टोअर करताना, म्हणजे डेटा परत उतरवताना, कितवा संच हवा हे आज्ञेत सांगितलं नाही, तर एसक्यूएल सर्व्हर पहिला संच उचलतो, म्हणजे सगळ्यात जुना. तुमच्या सॉफ्टवेअरचं रिस्टोअर बटण तसं लिहिलेलं असेल, तर आज सर्व्हर गेला आणि ते बटण दाबलं की नवी आवृत्ती बसली त्या दिवसाची शिल्लक समोर येईल. नवे संच खरं तर फाइलच्या शेवटी सुखरूप असतात, पण घाबरलेल्या माणसाला ते त्या क्षणी सुचत नाही, आणि तेवढ्यात कुणी त्याच डेटाबेसवर नव्या नोंदी सुरू केल्या की गुंता वाढतो.

हे आजच तपासा. एसक्यूएल सर्व्हरला आज्ञा देण्याचा प्रोग्राम, मॅनेजमेंट स्टुडिओ, उघडा, 'न्यू क्वेरी' घ्या आणि लिहा: रिस्टोअर हेडरओन्ली फ्रॉम डिस्क =, त्यापुढे एकेरी अवतरणात फाइलचा पूर्ण पत्ता. (आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.) ही आज्ञा फक्त वाचते, कशालाही हात लावत नाही. प्रत्येक संचाची एक ओळ दिसेल, 'पोझिशन'च्या रकान्यात क्रमांक आणि 'बॅकअप फिनिश डेट'मध्ये तारीख. पन्नास-साठ ओळी आल्या तर अंदाज बरोबर. मग सॉफ्टवेअरवाल्यांना लेखी कळवा: रोज नवी फाइल, फाइलच्या नावात तारीख, आज्ञेत 'इनिट' आणि 'चेकसम'. चेकसममुळे बॅकअप घेताना डेटाबेसचं प्रत्येक पान तपासलं जातं आणि डिस्क खराब होत असेल तर बॅकअप तिथेच थांबून चूक दाखवतो.

एकच ओळ आली तर प्रकरण वेगळं. मग डेटाबेसच खरोखर तेवढा मोठा आहे, बहुधा खातेदारांचे फोटो आणि सह्या आत साठवल्यामुळे. एक्सप्रेसच्या २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसच्या डेटा फाइलला १० जीबीची मर्यादा आहे. ती गाठली की नव्या नोंदी होणं थांबतं, तेव्हा त्याचं बोलणं आत्ताच सुरू करा.

आता 'सक्सेसफुल' या शब्दाबद्दल. त्याचा अर्थ एवढाच, की लिहिण्याचं काम चूक न येता संपलं. त्या फाइलवरून संस्था उभी राहील का, हे त्यात कुठेच नाही. मोठ्या कंपन्याही यात फसतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअपच्या पद्धती एक नाही, अनेक होत्या. पण रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसमधून काढलेली प्रत, कित्येक दिवस होतच नव्हता, कारण डंप घेणारं साधन ९.२ आवृत्तीचं आणि डेटाबेस ९.६ चा. 'बॅकअप झाला नाही' असे ईमेल निघत होते, पण समोरचा मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेली, सुमारे सहा तास जुनी प्रत कामी आली. तिथे माणसं हुशार होती, साधनं होती. रोजच्या डंपवरून डेटा परत येतो का, हे मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं.

म्हणून खर्चाचा निर्णय घेण्याआधी एक काम करा: रिस्टोअरची रंगीत तालीम. यासाठी कुणाचाही बऱ्यापैकी लॅपटॉप चालतो. त्यावर एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस बसवा, ते फुकट आहे. आवृत्ती सर्व्हरवर आहे तीच किंवा त्याहून नवी हवी, कारण नव्या आवृत्तीचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर कधीच उतरत नाही. बॅकअपची फाइल डेस्कटॉपवर ठेवू नका. सी ड्राइव्हवर साधा फोल्डर करून त्यात ठेवा. फाइल वाचणारी सेवा तुमच्या नावानं चालत नाही, तिला तुमच्या डेस्कटॉपवर प्रवेश नसतो, आणि मग 'ऑपरेटिंग सिस्टिम एरर ५, ॲक्सेस इज डिनाइड' असं येऊन माणूस तासभर चाचपडतो. रिस्टोअर करताना शेवटची तारीख असलेला संच निवडा, डेटाबेसच्या नावापुढे 'चाचणी' लावा आणि 'फाइल्स'च्या पानावर जाऊन दोन्ही फाइलींचा पत्ता लॅपटॉपवरचा द्या. हा सराव चालू सर्व्हरवर अजिबात करायचा नाही. तिथे 'रिप्लेस'ची एक खूण चुकून पडली तर आजचा डेटा कालच्या डेटाखाली गाडला जाईल.

डेटाबेस उभा राहिला की 'डीबीसीसी चेकडीबी' ही तपासणीची आज्ञा चालवा. अगदी शेवटी शून्य ॲलोकेशन एरर आणि शून्य कन्सिस्टन्सी एरर असं आलं, म्हणजे रचना ठीक. पण रचना ठीक असणं आणि हिशोब ठीक असणं वेगळं. त्यासाठी त्या दिवसाची छापील रोजकीर्द शेजारी घ्या आणि रोख शिल्लक, मुदत ठेवींची एकूण रक्कम, कर्जाची बाकी आणि सभासदांची संख्या हे चार आकडे ताडून बघा. मग संस्थेचं सॉफ्टवेअर त्या लॅपटॉपवरून उघडायचा प्रयत्न करा. इथे बहुतेक अडेल, आणि अडलं तर बरंच, कारण आत्ता वेळ आहे. लॉगिन एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या 'मास्टर' डेटाबेसमध्ये असतात, तुमच्या बॅकअपमध्ये ते येत नाहीत. आत नुसते वापरकर्ते येतात आणि ते लॉगिनविना लोंबकळत राहतात. 'एसए' या सर्वाधिकारी लॉगिनचा पासवर्ड सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यात असतो. परवाना जुन्या मशिनला बांधलेला असतो, नाहीतर सेटअपची फाइलच संस्थेत नसते. जे जे अडेल ते लिहून ठेवा. सेटअप, परवाना नव्या मशिनवर नेण्याची रीत आणि 'एसए'चा पासवर्ड या तीन गोष्टी सॉफ्टवेअरवाल्यांकडून घेऊन बंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत ठेवायला हव्यात. 'काळजी करू नका' म्हणणाऱ्यांना एवढं मागणं गैर नाही.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती वेळ लागला, तेही टिपा. सर्व्हर गेला तर काउंटर किती वेळ बंद राहील, याचं खरं उत्तर तेच असतं.

आता मंडळाकडे न्यायचा प्रश्न. किती नोंदी गेल्या तर चालतील? हे तुम्ही ठरवायचं नाही, संचालकांनी ठरवायचं. डे-एंडलाच बॅकअप होत असेल तर दुपारी चारला डिस्क गेल्यावर सकाळपासूनचं सगळं गेलं. पण तुमच्याकडे व्हाउचर कागदावर आहेत, दोन जणी बसल्या तर दिवसाचं काम संध्याकाळपर्यंत पुन्हा चढेल. मग दुपारच्या सुट्टीत एक जादा बॅकअप घेतला तरी पुरेसं आहे, असं माझं मत. अवघड जागा पिग्मीची: एजंटच्या मशिनमधला डेटा सर्व्हरवर उतरला की मशिन रिकामं होतं. त्याची यादी त्याच वेळी छापून ठेवत जा.

मंडळाला एक तासही गमवायचा नसेल, तर डेटाबेस 'फुल' रिकव्हरी मॉडेलवर ठेवून दर पंधरा-वीस मिनिटांनी लॉगचा, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइलचा, बॅकअप घ्यावा लागेल. एक्सप्रेसमध्येही ते होतं. त्याचा मोठा फायदा म्हणजे हवा तो क्षण गाठता येतो. समजा कुणी सकाळी ११:२० ला सगळ्या ठेवींवर चुकीचं व्याज चढवलं. तर वेगळ्या नावानं रिस्टोअर करून, 'स्टॉपॲट' देऊन ११:१९ ची स्थिती मिळते. मात्र फुल मॉडेल ठेवायचं आणि लॉगचा बॅकअप घ्यायचाच नाही, हे सगळ्यात वाईट. लॉगची एलडीएफ फाइल फुगत जाते, एक दिवस ड्राइव्ह भरतो आणि ९००२ ही चूक येऊन काम थांबतं. अशा वेळी कुणी सुचवलं तरी एलडीएफ फाइल डिलीट करू नका. त्या दिवसाचे अर्धवट व्यवहार तिच्यातच असतात.

एवढं झालं की रेड आणि क्लाउडचा निकाल लवकर लागतो. दोन डिस्कची रेड म्हणजे कार्बन लावून फाडलेली पावती: वरची रक्कम चुकली की खालचीही चुकते. एक डिस्क मेली तर संस्था चालू राहते, हा फायदा खरा आहे, जमलं तर घ्या. पण चुकीनं पुसलेलं, व्हायरसनं कुलूपबंद केलेलं, विजेनं जाळलेलं यातलं काहीच रेड परत देत नाही. क्लाउड विजेपासून आणि आगीपासून वाचवतं, पण तिथे दोन गोष्टी पाहायच्या. एक, वेग. तुमची आत्ताची ८ जीबीची फाइल २ एमबीपीएस अपलोडनं चढवायला नऊ तासांच्या वर लागतील. रोजची १४० एमबीची फाइल दहा मिनिटांत जाईल. दुसरं, सिंक, म्हणजे फोल्डर आपोआप क्लाउडशी जुळवत राहणं, हा बॅकअप नव्हे. सर्व्हरवरची फाइल बिघडली की सिंकवाल्या फोल्डरमधलीही बिघडते. गूगल ड्राइव्ह अशा फाइलींच्या जुन्या आवृत्त्या साधारण ३० दिवसच ठेवतं, आणि आपल्याकडे घोळ कळतो तो बऱ्याचदा ऑडिटच्या वेळी. तुमच्या स्वतःच्या जीमेलवर तर हा डेटा चढवूच नका. त्यात लोकांचे आधार, पॅन आणि ठेवी आहेत. खातं संस्थेच्या नावाचं हवं आणि फाइल सेव्हन-झिपनं एईएस-२५६ पासवर्ड लावून चढवायची. तो पासवर्डही त्याच पाकिटात, कारण तो हरवला तर बॅकअप नसल्यातच जमा.

माझ्या मते तुमच्या आकाराच्या संस्थेला दोन पोर्टेबल हार्डडिस्क आणि संस्थेच्या नावाचं एक साधं क्लाउड खातं एवढ्यात भागेल. डिस्कवर 'अ' आणि 'ब' लिहा, दोन्ही बिटलॉकरनं पासवर्डबंद करा. एक तिजोरीत, दुसरी गावाबाहेर, सचिवांच्या घरी किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. आठवडी बाजाराच्या दिवशी सचिव येतातच, त्या दिवशी अदलाबदल. डिस्क कॉपी करण्यापुरतीच जोडायची आणि लगेच काढायची. लावून ठेवली तर खंडणी मागणारा व्हायरस सर्व्हरबरोबर तिलाही कुलूप घालतो, आणि विजेचा लोळ केबलमधून तिच्यापर्यंतही जातो. रोजच्या सात फाइली, दर शनिवारच्या चार, महिनाअखेरच्या बारा एवढ्या ठेवा. ३१ मार्चच्या दोन, वर्षअखेरची प्रक्रिया चालवण्याआधीची आणि नंतरची, कधीच पुसू नका.

सॉफ्टवेअरवाले कदाचित आपोआप बॅकअप लावून देतो म्हणतील. एक्सप्रेसमध्ये ठरल्या वेळी कामं चालवणारा एसक्यूएल एजंट नसतो, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी हा आज्ञा देणारा प्रोग्राम चालवावा लागतो. त्यांनी रात्री दोनची वेळ लावली तर हसू नका, बदलून घ्या: संध्याकाळी तुमचा शिपाई मेन स्विच पाडूनच कुलूप लावतो. वेळ डे-एंडनंतरची, मशिन चालू असतानाची हवी आणि 'वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव' या चौकटीत टिक हवी. उलट 'एसी पॉवर (म्हणजे लाइन) असेल तरच सुरू कर' ही टिक मुळातच पडलेली असते, ती काढा. यूपीएस यूएसबी केबलनं सर्व्हरला जोडलेला असला की विंडोज त्याला बॅटरी समजतं आणि लाइन गेली असताना बॅकअप मुकाट्यानं टाळतं.

लाइनीवरून आठवलं. लाइन गेली म्हणून डेटाबेस बिघडतो असं सरसकट मानू नका. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहिला जातो. पुन्हा सुरू झाल्यावर एसक्यूएल सर्व्हर पूर्ण झालेले व्यवहार लावतो आणि अर्धवट राहिलेले मागे घेतो. बिघाड होतो तो डिस्कनं 'लिहिलं' असं सांगून डेटा आपल्या तात्पुरत्या मेमरीतच ठेवला असेल तेव्हा. त्यामुळे यूपीएसवर फक्त सर्व्हर ठेवा, प्रिंटर नको. महिन्यातून एकदा, काम संपल्यावर आणि बॅकअप झाल्यावर प्लग काढून किती मिनिटं टिकतो ते घड्याळ लावून बघा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर उतरते. आर्थिंग तपासून घ्या. आणि सर्व्हर कूलरच्या समोर असेल तर आधी तिथून हलवा, ती ओली हवा त्याला मानवत नाही.

सर्व्हर खरंच बसला तर? आधी हातपावत्या सुरू करा आणि वेळ लिहून ठेवा. डिस्क खडखडत असेल तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका, मशिन बंद करा. डिस्क शाबूत पण डेटाबेस 'सस्पेक्ट' (संशयास्पद) दिसत असेल तर तो डिटॅच करू नका, म्हणजे सर्व्हरपासून सोडवू नका, परत जोडला जाईलच असं नाही. सेवा थांबवून डेटाची एमडीएफ आणि लॉगची एलडीएफ या दोन्ही फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या. फोनवर कुणी 'रिपेअर अलाऊ डेटा लॉस' चालवायला सांगितलं तर त्या आज्ञेचं नावच वाचून दाखवा. ती अगदी शेवटची, बॅकअप नसलेल्याची वाट आहे. बॅकअप असेल तर नव्या डिस्कवर रिस्टोअर, मग व्हाउचर.

नोकरीचं. सगळं आपल्यावर येईल असं तुम्हाला वाटतं, कारण आज हे काम कुणी दिलेलं नाही, ते तुमच्याकडे आपसूक आलंय. ते लेखी करून घ्या. मासिक सभेपुढे एक पान ठेवा: सध्या काय होतं, हेडरओन्लीची प्रिंट, तालमीला लागलेला वेळ, किती नोंदी जाणं मान्य आहे, डिस्क कोणाकडे राहील, तुम्ही रजेवर असताना बॅकअप कोण घेईल, दर तीन महिन्यांनी तालीम कोणासमोर होईल. त्यावर ठराव होऊ द्या. सोबत एक नोंदवही घाला: तारीख, वेळ, फाइलचा आकार, कुठे कॉपी केली, सही. आकार एकदम निम्म्यावर आला किंवा आठवडाभर एका एमबीनंही हलला नाही, तर तो दिवस चौकशीचा. मंडळानं हे पान बाजूला सारलं आणि ठरावाला नकार दिला, तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार तेव्हा करा. त्याआधी नको.

जिनिंगमध्ये, महाविद्यालयात, कृषी सेवा केंद्रात असंच काम करणाऱ्यांसाठी थोडं. एसक्यूएल सर्व्हरऐवजी मायएसक्यूएल हा डेटाबेस असेल तर मायएसक्यूएलडंप 'सिंगल ट्रान्झॅक्शन' आणि 'रूटीन्स' हे दोन्ही पर्याय देऊन घ्या. दुसरा दिला नाही तर स्टोअर्ड प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम, डंपमध्ये येत नाहीत. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसचा पीजीडंप एकाच डेटाबेसचा असतो, वापरकर्ते आणि त्यांचे अधिकार पीजीडंपऑलनं 'ग्लोबल्स ओन्ली' देऊन वेगळे घ्यावे लागतात. आणि मायएसक्यूएलच्या डंपची अगदी शेवटची ओळ उघडून बघत जा: तिथे 'डंप कम्प्लीटेड' आणि तारीख नसेल तर मध्येच डिस्क भरली किंवा जोडणी तुटली, आणि ती फाइल अर्धी आहे.